समसमान वाटणी आणि सरस-निरस वाटणी

चार एकर रान, दोन भाऊ. मोजणीवाला बोलावला, मधोमध बांध घातला, दोन-दोन एकर झाले. सातबाऱ्यावर क्षेत्र बरोबर सारखं. फक्त विहीर आणि काळी माती अलीकडे, पलीकडे मुरमाड माळ. ही समसमान वाटणी, आणि ती अन्यायाची आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

म्हणून वाटणीपत्रात 'सरस-निरस मानाने' हे शब्द येतात. माती, पाणी, जायची वाट, बांधावरचा आंबा, सगळं धरून हिस्से पाडायचे. मग एकाला सव्वा एकर बागायत, दुसऱ्याला पावणेतीन एकर जिरायत असंही होतं. क्षेत्र उघड कमी-जास्त, पण मोल जुळतं. विहीर काही कापता येत नाही. ती सामाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या लावतात. त्यातही सरस-निरस आहेच: दिवसा वीज असताना मोटर चालवणं वेगळं आणि रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरणं वेगळं. शहाणी माणसं दर आठवड्याला पाळी उलटवतात.

कायदा दोन्ही मापं वापरतो, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर. हिस्सा किती, इथे तो काटेकोर समान. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, तोही तेव्हा अविवाहित असलेल्यांनाच. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. त्या वेळी वडील हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. न्यायालय प्राथमिक हुकूमनाम्यात हे हिस्से ठरवतं. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप मग जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, आणि सरस-निरस बघायची वेळ तिथे येते.

घरात मात्र तिसराच हिशेब चालतो. आईचं आजारपण कोणी काढलं, वडिलांचं सोसायटीचं कर्ज कोणी फेडलं? पोटात हेच खदखदत असतं, पण आईच्या सेवेने वडिलोपार्जित हिस्सा वाढत नाही. स्वकष्टार्जित मिळकत असेल तर वडील मृत्युपत्रात ते धरू शकतात. नाहीतर भावांनीच समजुतीने एक पाऊल मागे घ्यायचं.

आणि बहिणीला साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तिला 'माहेर तुटू नये' म्हणून कबूल व्हावं लागतं, ते समसमानातही बसत नाही आणि सरस-निरसातही.