संथ म्हणजे किती संथ?

इटालियनमध्ये ‘लार्गो’ म्हणजे रुंद, ऐसपैस. ‘अदाजिओ’ म्हणजे निवांत, ‘ग्रावे’ म्हणजे जड, गंभीर. पाश्चात्त्य स्वरलिपीत सर्वांत संथ लयींसाठी हेच शब्द लिहितात, पण सरळ ‘संथ’ असा अर्थ आहे तो ‘लेंतो’चा. बाकीचे वेग सांगत नाहीत, स्वभाव सांगतात. मग घोळ व्हायचाच. 1683मध्ये इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलने अदाजिओ आणि ग्रावे अतिसंथ ठरवले आणि लार्गोला मध्यम लयीत बसवले. आजच्या मेट्रोनोमवर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या लंबकाच्या यंत्रावर, लार्गो सर्वांत संथ टोकाला सापडतो.

जर्मन बासरीवादक क्वांट्झने 1752मध्ये यावर नाडीचा उपाय काढला. नाडी मिनिटाला 80 ठोके धरायची. त्याच्या हिशेबाने ‘अदाजिओ आस्साई’मध्ये, म्हणजे फारच संथ अदाजिओत, अर्ध्या मात्रेला नाडीचे दोन ठोके. पूर्ण मात्रा झाली तीन सेकंदांची. मिनिटाला जेमतेम 20!

ही लय साध्या लंबकाने दाखवायची तर पंचाईत आहे. दोन ठोक्यांमधला वेळ दुप्पट करायचा, तर लंबक चौपट लांब लागतो. सेकंदाला एक ठोका हवा असेल तर सुमारे एक मीटर पुरतो, मिनिटाला 40 ठोक्यांना सव्वादोन मीटर. क्वांट्झच्या 20 ठोक्यांसाठी जवळजवळ नऊ मीटर, म्हणजे तीन मजली घर हवे. ॲमस्टरडॅमच्या विंकेलने 1814मध्ये टेकूच्या खाली आणि वर, दोन्हीकडे वजने लावली. वरचे वजन खालच्याचा जोर बराचसा खाऊन टाकते आणि आखूड दांडीही रेंगाळत डुलते. या यंत्राचे, म्हणजे मेट्रोनोमचे पेटंट मात्र पुढच्याच वर्षी जर्मन यंत्रकार मेल्झेलने घेतले आणि नावही त्याचेच झाले.

पण यंत्र जमले तरी कान उरतोच. दोन ठोक्यांमध्ये साधारण दोन सेकंदांहून जास्त अंतर पडले की मेंदूला ते एका माळेतले वाटेनासे होतात. प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. म्हणून वादक मनातल्या मनात मात्रेचे तुकडे मोजतात, वाद्यवृंदाचा संचालकही हाताने अर्ध्या मात्रा दाखवतो. आपल्या अतिविलंबित, म्हणजे अतिसंथ लयीतल्या, बारा मात्रांच्या एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, तेव्हा तबलजी हेच करतो. मधली पोकळी तो बारीक बोलांनी भरत जातो आणि चौथ्या मात्रेतले ‘तिरकिट’ चार सुट्या आघातांत ऐसपैस पसरते.