न्यायालयाचा कागद हाती आल्यावर
थकीत रकमेच्या दाव्यास उत्तर देण्याविषयी आमच्या पक्षकारांसाठी माहिती

थकीत रकमेच्या प्रकरणात आमच्याकडे येणारे बहुतेक पक्षकार उशिरा येतात. समन्स मिळून अडीच-तीन महिने उलटलेले असतात, पाकीट फेकून दिलेले असते आणि कागद घडीवर फाटलेला असतो. रक्कम खरोखर देणे आहे की नाही, किती देणे आहे, हा मूळ प्रश्न तोवर मागे पडतो आणि गेलेल्या दिवसांचे काय करायचे, हाच पुढे येतो. ती वेळ टळावी, एवढ्यासाठी हे पत्रक आहे.

प्रथम कागद कोणाकडून आला आहे ते पाहावे. वकिलाच्या लेटरहेडवर आलेली नोटीस म्हणजे समन्स नव्हे. समन्सवर न्यायालयाचे नाव, शिक्का, वादी व प्रतिवादी यांची नावे, ‘रे. मु. नं.’ किंवा ‘स्पे. मु. नं.’ असा दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते; सोबत दाव्याची नक्कल असावी लागते. अलीकडे वसुली करणारे लोक न्यायालयाच्या नोटिशीसारखा दिसणारा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून धाक घालतात. अशा वेळी प्रकरणाचा क्रमांक किंवा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून पाहिल्यास खरे-खोटे लगेच कळते.

बेलिफ (समन्स पोहोचवणारा न्यायालयाचा कर्मचारी) दारात आल्यावर दार लावून घेणे, किंवा ‘मालक गावाला गेलेत’ असे सांगायला लावणे, याने काहीही साधत नाही. आपण घरी नसाल तर कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे समन्स देता येते. ते नाकारल्यास दारावर चिकटवून बजावणी करता येते. आणि टपालाने आलेले पाकीट घेण्यास नकार दिला, असा शेरा घेऊन परत गेले, तर बजावणी झाली असे न्यायालय धरू शकते. समन्सवर सही करणे म्हणजे कर्ज कबूल करणे नव्हे, हे आम्हाला रोज एकाला तरी सांगावे लागते. सही करताना खाली तारीख घालावी, आणि दाव्याची नक्कल सोबत नसेल तर ‘दाव्याची नक्कल मिळाली नाही’ असे त्याच जागी स्वतःच्या हाताने लिहावे. त्या एका ओळीचा पुढे मोठा उपयोग होतो.

दिवसांची मोजणी

साध्या दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपले लेखी उत्तर, दाखल करावयाची असते. कारणे नमूद करून न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतर परवानगी क्वचित आणि बहुधा समोरच्याला खर्च देण्याच्या अटीवर मिळते. व्यापारी न्यायालयापुढील दाव्यात १२० दिवसांनंतर कैफियत घेतलीच जात नाही. सर्वांत फसवा प्रकार समरी दाव्याचा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील दाव्याचा. त्यात समन्स मिळाल्यापासून केवळ १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, आणि पुढे वादीने न्यायनिर्णयासाठीचे (निकालाची मागणी करणारे दुसरे) समन्स बजावले की आणखी १० दिवसांत बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. हजेरीच नसेल तर दाव्यातील मजकूर कबूल आहे असे धरून हुकूमनामा (दाव्याचा निकाल देणारा न्यायालयाचा आदेश) होतो. ‘महिना आहे अजून’ या समजुतीत राहिलेले पक्षकार येथेच अडकतात. म्हणून समन्सवर ‘आदेश ३७’ हे शब्द दिसल्यास त्याच दिवशी फोन करावा.

एकतर्फी, म्हणजे आपल्या गैरहजेरीत, हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करण्याचा अर्ज हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवसांत करता येतो. समन्सच रीतसर बजावले गेले नसेल तर हे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून धरतात. मात्र ‘मला समन्स मिळालेच नाही’ हे म्हणणे बेलिफाच्या अहवालापुढे टिकवणे सोपे नसते.

कैफियतीत काय असावे

‘दाव्यातील संपूर्ण मजकूर खरा व बरोबर नाही, तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ हे वाक्य जुन्या कैफियतींत छापल्यासारखे आढळते, आणि पक्षकारांनाही ते ऐकून बरे वाटते. पण तेवढ्यावर कैफियत संपली तर ती दुबळीच ठरते. दाव्यातील जी बाब नेमकेपणाने नाकारलेली नसेल ती कबूल केली असे धरण्याची मुभा कायद्याने न्यायालयाला दिली आहे. समजा, दावा २,४०,००० रुपयांचा आहे आणि त्यापैकी ७०,००० रुपये आपण तीन वेळा यूपीआयने दिलेले आहेत. तर कर्ज घेतल्याचे नाकारण्यापेक्षा, ते घेतले, अमुक तारखांना अमुक रकमा परत केल्या, त्या वादीने हिशेबात धरल्या नाहीत, आणि मागितलेला व्याजदर करारात नाही, असे कलमवार लिहिणे कितीतरी प्रभावी असते. खरे देणे मान्य करून चुकीचा आकडा खोडून काढणाऱ्या प्रतिवादीकडे न्यायालयही वेगळ्या नजरेने पाहते, असा आमचा अनुभव आहे.

मुदतीचा मुद्दा स्वतंत्रपणे तपासावा. हातउसन्या रकमेचा दावा साधारणपणे ३ वर्षांत आणावा लागतो. परंतु ती मुदत संपण्यापूर्वी आपण सही करून देणे मान्य केले असेल, किंवा आपल्याच हस्ताक्षरात अथवा सहीने नोंद होऊन काही रक्कम भरली असेल, तर मुदत नव्याने सुरू होते. शिवाय १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळला असल्याने, आपल्या हिशेबाने मुदतबाह्य वाटणारा दावा मुदतीत असू शकतो. म्हणून समन्स आल्यावर समोरच्याला ‘थोडं थांबा, देतो’ असा संदेश आम्हाला विचारल्याशिवाय पाठवू नये.

खासगी सावकाराचा दावा असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ पाहावा लागतो, कारण कर्ज देतेवेळी वैध परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने हुकूमनामा करता येत नाही. मित्राने एकदा दिलेली उसनवारी मात्र सावकारी ठरत नाही.

चेक आणि पतसंस्था

चेक परत गेल्याची नोटीस वकिलाची असली तरी ती बाजूला ठेवू नये. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी कोरा चेक सही करून दिला होता’ एवढ्याने सुटका होत नाही. या प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील तारीख चुकवल्यास वॉरंट निघते.

पतसंस्थेच्या कर्जात कागद बहुधा न्यायालयाचा नसतो, निबंधक कार्यालयाचा असतो. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला की जप्तीची कारवाई थेट सुरू होऊ शकते, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करण्यासाठी वसुलीच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. त्यामुळे तेथील पहिल्या सुनावणीला हजर राहून खातेउतारा मागणे हाच स्वस्त मार्ग आहे.

तडजोड करावयाची असल्यास ती लेखी करावी आणि पुरशिस (पक्षकारांचे लेखी निवेदन) दाखल करून न्यायालयाच्या नोंदीवर आणावी. लोकअदालतीत दोघांच्या संमतीनेच निवाडा होतो, आणि त्यावर अपील नसते. हुकूमनामा झाल्यावर न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम ३० दिवसांत न्यायालयाला कळवून नोंदवून घ्यावी, अन्यथा दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) ती जमेस धरली जात नाही.

तुरुंगाची धास्ती अनेकांच्या मनात असते. दिवाणी हुकूमनाम्यासाठी, मुख्यतः ऐपत असूनही पैसे न देणाऱ्याला अटक होऊ शकते; पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश, भविष्य निर्वाह निधी, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी व कारागिराची हत्यारे यांवर जप्ती येत नाही.

पहिल्या भेटीस येताना समन्स, दाव्याची नक्कल, बँकेचा खातेउतारा, पावत्या आणि मोबाइलवरील संदेश आणावेत. टपालाने आलेला कागद असल्यास त्याचे पाकीटही आणावे, कारण दिवसांची मोजणी बहुधा त्यावरील शिक्क्यापासूनच सुरू करावी लागते.