ताम्रपटाकडून पांढरीकडे

पुरातत्त्वज्ञ म्हटले की आपल्याकडे आधी लेणी, शिलालेख, नाणी आठवतात. त्याला इतिहास आहे. दख्खनचा प्राचीन काळ पहिल्यांदा नीट मांडला तो संस्कृत-प्राकृत जाणणाऱ्यांनी. रा. गो. भांडारकरांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ १८८४चा. पुराणे, कोरीव लेख, नाणी एकमेकांशी ताडून लिहिलेला. नागपूरचे संस्कृतचे प्राध्यापक वा. वि. मिराशी यांनी कलचुरी आणि वाकाटक राजघराण्यांचे कोरीव लेख संपादित केले. ही विद्वत्ता अफाट होती, पण ज्यांनी काहीच लिहून ठेवले नाही अशा माणसांपुढे तिचे हात टेकत.

पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांची सुरुवातही याच वाटेने झाली, एम.ए.चा विषय नालंदा विद्यापीठ. पुढे पीएच.डी.साठी लंडनला असताना ते ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम शिकले. १९३९मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले आणि सांकळिया तिथे रुजू झाले. इरावती कर्वेही त्याच संस्थेत होत्या. उत्तर गुजरातेत लांघणज इथे चाळीसच्या दशकात मानवी सांगाडे सापडू लागले, तेव्हा त्या कामाला मानववंशशास्त्र जाणणाऱ्या इरावतीबाईंची जोड मिळाली. हाडांपुढे व्याकरण काय करणार?

खरा पालट दिसतो तो शिरूर तालुक्यातल्या इनामगावला. घोड नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या, टेकाडांवर १९६८पासून सुमारे दीड दशक काम चालले. सांकळियांबरोबर म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी होते. तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या ताम्रपाषाण काळातली घरे, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा उघड्या पडल्या. लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना लावून घराच्या जमिनीखालीच पुरलेले. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांचा मातीचा रांजण निघाला आणि त्यात बसवलेला पुरुष, पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा, हा उत्खननकर्त्यांचा तर्क.

असला तर्क एकट्याच्या बळावर उभा राहत नाही. सांगाड्याचे वय-लिंग शारीरिक मानवशास्त्रज्ञ सांगतो, जळके जव-गहू वनस्पतिअवशेषांचा अभ्यासक ओळखतो, हाड बैलाचे की हरणाचे ते प्राणिअवशेषांचा. नदीच्या गाळाचे थर वाचायला शरद राजगुरूंसारखे भूविज्ञान शिकलेले लोक लागले. काळ ठरवला कार्बन-१४ने, म्हणजे अवशेषांत उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून. इ.स.पू. १०००च्या सुमारास पाऊसमान घटले, शेती मागे पडली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शिकार वाढली, अशी मांडणी ढवळीकरांनी केली ती या सगळ्यांच्या नोंदी जुळवून. कारण एकटे हवामानच होते का, यावर वाद होऊ शकतो. पण तो वादही आता धान्याचे दाणे आणि हाडे मोजूनच घालावा लागतो.

मला खटकते ते वेगळेच. उत्खनन ज्याने चालवले त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते. ज्याने महिनोन्महिने हाडे निवडली, त्याचे अहवालाच्या मागच्या प्रकरणात. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांना पालक अजून ‘इतिहास घेतोय’ म्हणतात, मग तो पोरगा प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजत बसणार असला तरी.