बुक ऑफ मॉर्मनमधली भूमी नेमकी कुठली? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

1830 च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावी ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापून विक्रीला आलं. ते प्रसिद्ध करणारे जोसेफ स्मिथ तेव्हा चोवीस वर्षांचे होते. मोरोनाय या देवदूताने दाखवलेल्या टेकडीतून 1827 साली आपल्याला सोनेरी पत्रे मिळाले आणि त्यांवरच्या प्राचीन मजकुराचं ईश्वरी साहाय्याने आपण भाषांतर केलं, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांनी स्थापलेल्या पंथाला जग मॉर्मन म्हणून ओळखतं.

पुस्तकातली कथा थोडक्यात अशी. इ.स.पू. 600 च्या सुमारास लेहाय नावाचा संदेष्टा कुटुंबकबिला घेऊन जेरुसलेमहून निघाला. अरबस्तानातून वाट काढत तो समुद्रापाशी पोहोचला. तिथे जहाज बांधून ही मंडळी ‘वचनदत्त भूमी’वर उतरली. वंशजांमध्ये नेफाइट आणि लेमनाइट अशी दोन कुळं पडली. शहरं वसली, शतकानुशतकं लढाया चालल्या, पुनरुत्थानानंतर येशू ख्रिस्त तिथे प्रकटला. शेवटी इ.स. 385 च्या आसपास कुमोरा टेकडीपाशी दोन लाखांवर नेफाइट मारले गेले. झाराहेम्ला शहर, सिडॉन नदी, उत्तरेची भूमी, दक्षिणेची भूमी आणि त्यांना जोडणारी चिंचोळी पट्टी ही नावं पुस्तकात पुन्हा पुन्हा येतात, पण त्यांतली एकही जागा आजच्या नकाशावर कुठे, हे पुस्तक सांगत नाही.

श्रद्धेच्या बाहेरचे इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञ या ग्रंथाला एकोणिसाव्या शतकातली रचना मानतात. त्यांच्या लेखी ‘कुठे’ हा प्रश्नच उद्भवत नाही. श्रद्धावानांसाठी मात्र तो फार जिव्हाळ्याचा आहे, आणि त्यांनी तो ज्या कष्टाने हाताळला त्याबद्दल मला आदर वाटतो. प्रत्येक पिढीने आपल्या हाती असलेल्या माहितीवर नवा नकाशा मांडला. म्हणून हे नकाशे त्यांच्या काळाच्या क्रमाने पाहिले की त्यांची बलस्थानं आणि उणिवा नीट दिसतात.

पहिल्या पिढीने फार खोलात न जाता गृहीत धरलं, की दक्षिणेची भूमी म्हणजे दक्षिण अमेरिका, उत्तरेची म्हणजे उत्तर अमेरिका आणि चिंचोळी पट्टी म्हणजे पनामा. पत्रे सापडले ती न्यूयॉर्कमधली टेकडीच कुमोरा, म्हणून शेवटचं रणांगणही तिथलंच. 1841 मध्ये जॉन लॉइड स्टीफन्स यांचं मध्य अमेरिकेच्या प्रवासाचं पुस्तक आलं. त्यात फ्रेडरिक कॅथरवूड यांनी काढलेली माया अवशेषांची चित्रं होती. नाऊव्हू इथल्या मॉर्मन वसाहतीत या पुस्तकाने मोठी खळबळ उडवली. 1842 च्या ऑक्टोबरमध्ये पंथाच्या ‘टाइम्स अँड सीझन्स’ या नियतकालिकाने ग्वातेमालातल्या किरिग्वाचे अवशेष झाराहेम्लाशी जोडून पाहिले. ठाम दावा मात्र करत नाही, असंही त्याच लेखात म्हटलं होतं. संपादक म्हणून तेव्हा स्मिथ यांचं नाव छापलं जाई. पण सही नसलेले हे लेख त्यांनी स्वतः लिहिले का, यावर अजून एकमत नाही.

पुढे पंथाचे एक पुढारी ऑर्सन प्रॅट यांनी 1879 च्या आवृत्तीला तळटीपा जोडल्या आणि दोन्ही खंडांचा तो नकाशा जणू ग्रंथाच्या पानांतच शिरला. सिडॉन म्हणजे कोलंबियातली माग्दालेना नदी, अशा त्या टीपा होत्या. 1920 च्या आवृत्तीत त्या काढून टाकल्या. ही दुरुस्ती फार महत्त्वाची होती. चर्चने श्रद्धेचा मजकूर आणि त्यावरचा माणसांचा तर्क एकमेकांपासून वेगळे केले.

दोन खंडांचा नकाशा खरा ढासळला तो पुस्तकातल्याच दिवसांच्या हिशोबाने. आल्मा नावाच्या पुढाऱ्याची टोळी बायकामुलं, गुरंढोरं आणि धान्य घेऊन नेफायच्या भूमीतून पळते. आठ दिवसांनी ती हेलामला पोहोचते. काही काळाने तिथून निघते, एक दिवस चालून एका खोऱ्यात थांबते आणि आणखी बारा दिवसांत झाराहेम्लाला येते. एकूण एकवीस दिवस. गुरांसकट माणसं दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालली असं धरलं, तर सगळं अंतर तीनशे ते सव्वाचारशे किलोमीटर भरतं. त्या नकाशातल्या पेरू किंवा चिलीपासून कोलंबियापर्यंतच्या हजारो किलोमीटरशी याचा मेळ बसूच शकत नाही. कथेतला मुख्य प्रदेश एखाद्या मध्यम आकाराच्या राज्याएवढा असावा, असं पुस्तकच सुचवतं.

या हिशोबातून मर्यादित भूमीचा सिद्धांत पुढे आला. 1917 मध्ये लुई हिल्स यांनी मध्य अमेरिकेपुरता नकाशा मांडला. हिल्स पंथाच्या दुसऱ्या शाखेचे होते. या मांडणीला सर्वांत भक्कम रूप मात्र ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जॉन सोरेन्सन यांनी 1985 च्या आपल्या पुस्तकातून दिलं. त्यांच्या मते चिंचोळी पट्टी म्हणजे मेक्सिकोतली तेवांतेपेकची संयोगभूमी आणि सिडॉन म्हणजे ग्रिहाल्वा नदी. त्या काळी शहरं आणि लेखनकला दोन्ही असलेला अमेरिकेतला प्रदेश हाच, हा त्यांचा मोठा आधार.

पण दोन ठिकाणी ही मांडणी ताणावी लागते. एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी ओलांडायला नेफाइट माणसाला दीड दिवस लागे, असं पुस्तक म्हणतं. तेवांतेपेकची रुंदी सुमारे 200 किलोमीटर आहे. दीड दिवसात एवढं अंतर जाणारा माणूस साधा वाटसरू नव्हे, तो निरोप घेऊन धावणारा हरकाराच हवा. पनामा अरुंद जागी पन्नासेक किलोमीटर आहे, तिथे दीड दिवस चपखल बसतो. म्हणजे जी पट्टी दीड दिवसाला जुळते ती एकवीस दिवसांना जुळत नाही, आणि एकवीस दिवसांना जुळणारी दीड दिवसासाठी फार रुंद ठरते. दुसरी अडचण दिशांची. तेवांतेपेकला समुद्र उत्तरेला आणि दक्षिणेला आहेत, पुस्तकात ते पूर्वेला आणि पश्चिमेला. त्यामुळे सोरेन्सन यांना नेफाइटांच्या दिशा सुमारे 60 अंशांनी फिरवाव्या लागल्या. त्याची कारणं त्यांनी दिली आहेत, पण ती मला समजावणी वाटते, पुरावा वाटत नाही.

याच प्रदेशात प्रत्यक्ष कुदळही चालली. कॅलिफोर्नियातले वकील थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन यांनी 1952 मध्ये ‘न्यू वर्ल्ड आर्किऑलॉजिकल फाउंडेशन’ ही संस्था काढली, चर्चने तिला पैसा दिला आणि चियापासमध्ये उत्खननं सुरू झाली. चियापा दे कोर्सोसारख्या स्थळांवरच्या कामामुळे मायापूर्व काळाचं चित्र खूप स्पष्ट झालं, आणि त्या कामाला पंथाबाहेरचे अभ्यासकही मान देतात. फर्ग्युसन यांना मात्र हवं ते मिळालं नाही. 1975 मध्ये त्यांनी वनस्पती, प्राणी, धातू आणि लिपी या कसोट्या एकेक करून लावून पाहिल्या. पुस्तकात येणारे घोडे, गहू, पोलाद, रथ यांचा माग कुठेच लागला नव्हता. पुस्तक खरं ठरवायला आयुष्य खर्ची घातलेल्या माणसाने हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं, याला मी फार मोठी प्रामाणिकता मानतो.

मर्यादित भूमी मानली की न्यूयॉर्कच्या टेकडीचं काय, हा प्रश्न उभा राहतो. त्यावर दोन कुमोरांचा सिद्धांत आला. त्याचा आधार मजकुरातच आहे. मॉर्मन या नेफाइट संदेष्ट्याने बाकीच्या सगळ्या नोंदी कुमोरात पुरल्या, थोडे पत्रे तेवढे मुलाच्या, म्हणजे पुढे स्मिथ यांना देवदूत म्हणून दिसलेल्या मोरोनायच्या हाती दिले, आणि मोरोनाय पुढे अनेक वर्षं एकटा भटकला. मग त्याने ते पत्रे दूर दुसऱ्या टेकडीत पुरले असतील. तर्क सरळ आहे. पण 1938 मध्ये जोसेफ फील्डिंग स्मिथ यांनी त्याला कडाडून विरोध केला. ते चर्चच्या बारा प्रेषितांपैकी होते आणि पुढे अध्यक्षही झाले.

हा विरोध पुढे ‘हार्टलँड’ मांडणीच्या कामी आला. गेल्या वीसेक वर्षांत रॉड मेल्ड्रम आणि त्यांच्यासारख्या प्रचारकांनी ती लोकप्रिय केली. सिडॉन म्हणजे मिसिसिपी, झाराहेम्ला आयोवात आणि नेफाइट म्हणजे ओहायो परिसरातले मातीचे प्रचंड बांध रचणारे होपवेल लोक, असं ती सांगते. तिचं बळ स्मिथ यांच्या शब्दांत आहे. 1834 च्या जून महिन्यात इलिनॉयमधून जाताना त्यांनी पत्नी एमाला लिहिलेल्या पत्रात आपण नेफाइटांच्या मैदानांवरून भटकत असल्याचं म्हटलं आहे. हे पत्र बाजूला सारणं मध्य अमेरिकावाल्यांना कायम जड जातं. पण जमीन साथ देत नाही. सिडॉनचा उगम दक्षिणेच्या डोंगराळ रानात असल्याचं पुस्तकातून दिसतं आणि मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. होपवेल लोकांची लिपी मिळालेली नाही. दोन समुद्रांची गरज मोठ्या सरोवरांवर भागवावी लागते.

डीएनएचा दाखलाही टिकला नाही. उत्तर अमेरिकेतल्या काही जमातींमध्ये आढळणारा एक्स हा मातृवंशगट (आईकडून चालत येणाऱ्या डीएनएचा गट) मध्यपूर्वेतून आला, असं हार्टलँडवाले सांगत. 2015 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ‘केनेविक मॅन’ या सांगाड्याचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्यात याच गटाची अमेरिकी शाखा निघाली. हा माणूस लेहायच्या कितीतरी हजार वर्षं आधीचा. या मांडणीतली आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. हे बांध अमेरिकी आदिवासींच्या पूर्वजांनीच रचले, हे सायरस थॉमस यांनी 1894 मध्ये अहवालानिशी सिद्ध केलं होतं. त्यांचं श्रेय समुद्रापलीकडून आलेल्या हरवलेल्या लोकांना देण्याची एकोणिसाव्या शतकातली सवय इथे नव्या नकाशातून परत येते. ओहायोतल्या होपवेल बांधांना 2023 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं, ते आदिवासी पूर्वजांची निर्मिती म्हणूनच.

दक्षिण अमेरिका, बाहा कॅलिफोर्निया, एवढंच काय, मलाय द्वीपकल्पही सुचवून झालं आहे. सोरेन्सन यांनी 1990 च्या सुमारास जमवलेल्या यादीत सत्तरेक मांडण्या भरल्या होत्या. त्या सगळ्यांचं त्यातल्या त्यात जुळतं ते प्रवासाच्या पहिल्या टप्प्यावर. पुस्तकात अरबस्तानातल्या नाहोम या दफनाच्या जागेचा उल्लेख आहे. येमेनमध्ये मारिबजवळच्या मंदिरात सापडलेल्या, साधारण त्याच काळातल्या वेद्यांवर एन-एच-एम या व्यंजनांचं टोळीनाव कोरलेलं आहे. टीकाकार याला योगायोग म्हणतात, श्रद्धावान पुरावा म्हणतात. पण निदान इथे वाद घालायला हातात एक कोरीव दगड आहे. जहाज किनारा सोडून निघाल्यावर मात्र अमेरिकेच्या बाजूला असा एकही शिलालेख सर्वमान्य झालेला नाही.

चर्चची भाषाही हळूहळू सावध झाली. 1981 च्या प्रस्तावनेत लेमनाइटांना अमेरिकी आदिवासींचे ‘प्रमुख पूर्वज’ म्हटलं होतं. 2006 च्या एका आवृत्तीपासून ते ‘पूर्वजांपैकी’ एक झाले. 2019 मध्ये चर्चने जाहीर केलं, की घटना प्राचीन अमेरिकेत घडल्या एवढंच आपण मानतो, जागेबद्दल आपली अधिकृत भूमिका नाही. ज्याला जे पटेल ते त्याने मानावं, पण चर्चच्या बैठकांमध्ये किंवा चर्चचा पाठिंबा असल्यासारखा आपल्या नकाशाचा प्रचार करू नये, असंही त्यात सदस्यांना बजावलं आहे.