केवढं होतं ते राहू द्या, कुठे होतं ते सांगा

आकाशात काहीतरी भलतंच दिसल्याची बातमी आली की मी आधी त्यातले आकडे शोधतो. ते बहुतेक वेळा असतातच, आणि साधारण असे असतात: वस्तू बसएवढी होती, हजारेक फुटांवरून गेली, विमानाच्या तिप्पट वेगाने गेली. सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरोखर तसंच वाटलेलं असतं. तरीही हे तिन्ही आकडे बिनकामाचे असतात, कारण ते मोजायचं साधन माणसाच्या डोळ्यांत नाहीच. अनोळखी वस्तूच्या बाबतीत डोळा फक्त कोन मोजतो. अंतर, आकार आणि वेग मेंदू मागाहून आपल्या अंदाजाने भरतो, आणि आपण बेधडक सांगतो की ते ‘पाहिलं’.

जवळच्या वस्तूंचं अंतर कळतं ते दोन डोळ्यांमुळे. डोळ्यांमध्ये सहा-साडेसहा सेंटीमीटरची फट असते, त्यामुळे दोघांना वस्तू किंचित वेगवेगळ्या दिशेला दिसते. वस्तू शंभर मीटरवर असेल, तर हा फरक अंशाच्या पंचविसाव्या भागाएवढाही उरत नाही. एखाद्या किलोमीटरपलीकडे ही युक्ती पूर्ण निकामी होते. त्यापुढे आपण ओळखीवर चालतो. माणूस केवढा, ट्रक केवढा हे ठाऊक असतं, म्हणून तो किती लांब आहे याचा अंदाज येतो. पण वस्तूच अनोळखी असेल आणि मागे नुसतं काळं आकाश असेल, तर ओळख कुणाशी पटवणार?

वेगाचंही तेच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण 400 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला 7.7 किलोमीटर वेगाने जातं. प्रवासी विमान 12 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सुमारे 240 मीटर जातं. एखादा ड्रोन 100 मीटर उंचीवरून सेकंदाला 2 मीटर, म्हणजे चालत्या माणसापेक्षा जरा जास्त वेगाने सरकतो. आणि एक काजवा डोळ्यांपासून 5 मीटरवर सेकंदाला 10 सेंटीमीटर उडतो. हे चौघे डोक्यावरून जात असतील, तर प्रत्येक जण दर सेकंदाला आपल्या अंतराच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका पुढे सरकतो. म्हणून चौघांचाही आकाशातला वेग एकच भरतो, सेकंदाला सुमारे 1.1 अंश. अंधारात ठिपका दिसला, तर काजव्याचा वेग आणि अंतराळ स्थानकाचा वेग यांत फरक करायला नुसत्या सरकण्यात काहीही शिल्लक नाही. एकाचा वेग दुसऱ्याच्या 77 हजार पट आहे, तरीही!

भल्याभल्या उपकरणांनाही हा चकवा बसतो. अमेरिकी नौदलाच्या विमानातून 2015 साली टिपलेली एक चित्रफीत बरीच गाजली. तिच्यात एक पांढरा ठिपका समुद्राच्या पृष्ठभागावरून सुसाट निघाल्यासारखा दिसतो. नासाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने 2023च्या अहवालात त्याचं गणित मांडलं. पडद्यावर अंतराचा आणि कॅमेऱ्याच्या कोनाचा आकडा उमटलेला होता, म्हणून ते जमलं. ठिपका समुद्रालगत नव्हताच, सुमारे 13 हजार फुटांवर होता, आणि त्याचा वेग निघाला ताशी 40 मैलांच्या आसपास. बाकीचा सगळा ‘वेग’ विमानाचा स्वतःचा होता. धावत्या विमानातून पाहताना मधली वस्तू मागच्या पाण्यावरून पळताना दिसते, यालाच पराशय म्हणतात. ती चित्रफीत आजही ‘अशक्य वेगाचं यान’ म्हणून फिरते. फिरवणाऱ्यांना अहवाल वाचायला वेळ झालेला नसावा.

म्हणजे कळवायचं ते कोनांत, आणि कोन मोजायला हात पुरतो. हात सरळ ताणून धरला की करंगळीच्या टोकाची रुंदी साधारण एक अंश भरते आणि आवळलेल्या मुठीची साधारण दहा. लहान मुलाची मूठ लहान आणि हातही आखूड, त्यामुळे हिशोब जवळपास तोच राहतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्याच अंशाचा असतो, करंगळीआड तो आरामात लपतो. पटत नसेल तर पुढच्या पौर्णिमेला करून पाहा. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेलं की नवव्या मुठीला डोक्यावरचा बिंदू येतो. वस्तू किती मुठींवर होती, हा झाला तिचा उन्नतांश. तो मोजायचाच, नजरेने ठरवायचा नाही. आकाश आपल्याला चपट्या घुमटासारखं भासतं, त्यामुळे ‘क्षितिज आणि माथा यांच्या बरोब्बर मध्ये’ म्हणून आपण जिथे बोट दाखवतो तिथे 45 नव्हे, बहुधा 30च्या आसपासच अंश असतात.

दिशेसाठी फोनमधल्या होकायंत्रावर फार विसंबू नये, गाडीजवळ किंवा लोखंडी कठड्याजवळ ते सर्रास चुकतं. त्यापेक्षा एक जुनी युक्ती चांगली. वस्तू दिसली तेव्हा तुम्ही नेमके कुठे उभे होतात ते लक्षात ठेवा आणि ती कशावरून गेली ते पाहा: पाण्याच्या टाकीची उजवी कड, मोबाइल टॉवरचं टोक, समोरच्या गच्चीचा कोपरा. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच फरशीवर उभं राहून ती कड पुन्हा पाहता येते. नकाशावर तुमची जागा आणि टाकी यांना जोडणारी रेघ ओढली की दिगंश, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, अंशा-दोन अंशांपर्यंत नेमका मिळतो. रात्र स्वच्छ असेल तर याहून सोपं. ‘व्याध आणि मृगातला त्रिकांड यांच्या मधून गेली’ एवढं एक वाक्य आणि घड्याळातली वेळ असली, तर खगोल जाणणारा बाकी सगळं काढून घेतो.

आता माझ्या आवडीचा भाग. एकट्या माणसाला अंतर कळत नाही, पण दोन माणसांना कळतं. दोन डोळ्यांमधली सहा सेंटीमीटरची फट ताणून वीस किलोमीटर केली, असं समजा. अ गावातल्या माणसाला वस्तू अगदी डोक्यावर दिसली आणि त्याच क्षणी 20 किलोमीटरवरच्या ब गावातल्या माणसानेही ती पाहिली. उंची 80 किलोमीटर असेल, तर ब ला ती 76 अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच दिसेल. 10 किलोमीटर असेल तर 27 अंशांवर, एक किलोमीटर असेल तर क्षितिजाला टेकलेली, जेमतेम 3 अंशांवर. आणि शंभर मीटरवरचा ड्रोन असेल, तर ब ला तो झाडांआड जाईल, दिसणारच नाही. उंची म्हणजे 20 गुणिले ब च्या कोनाचा टॅन्जंट, शाळेतलंच त्रिकोणमितीचं गणित.

यात एक खोच आहे. समजा, ब ने कोन सांगताना पाच अंशांची गफलत केली. 76च्या जागी 71 घेतले तर उंची 58 किलोमीटर येते आणि 81 घेतले तर 126. टॅन्जंटचा आलेख 90 अंशांकडे जाताना उभा चढतो, म्हणून एवढीशी चूक इतकी फुगते. तेच ब गाव 80 किलोमीटरवर असतं, तर वस्तू 45 अंशांवर दिसली असती आणि तीच पाच अंशांची चूक उंचीला 67 ते 95 यांच्या बाहेर जाऊ देत नाही. म्हणून उल्का पाहणाऱ्यांची केंद्रं एकमेकांपासून बरीच लांब ठेवतात. आणि वेळ! सेकंदाला 20 किलोमीटर जाणारी उल्का दोघांनी एका सेकंदाच्या फरकाने टिपली, तर दोघांच्या रेषा 20 किलोमीटर अंतरावरच्या दोन वेगळ्या जागांकडे रोखलेल्या असतात. यावरचा उपाय म्हणजे मार्गाचा एखादा ओळखीचा बिंदू धरायचा. जिथे उल्का फुटली किंवा विझली, ती जागा दोघांसाठी एकच असते.

ही पद्धत जुनी आहे. ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या दोन विद्यार्थ्यांनी 1798 साली काही मैलांच्या अंतरावर रात्री बसून एकच उल्का दोघांना ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर कुठे दिसते ते नोंदवलं. उल्का म्हणजे जमिनीलगतच्या वाफांचा काहीतरी खेळ, असं तोवर पुष्कळ जण मानत. या दोघांच्या त्रिकोणांनी तिला थेट शंभर किलोमीटरच्या आसपास नेऊन बसवलं. दुर्बीण नाही, कॅमेरा नाही, फक्त दोन प्रामाणिक नोंदवह्या.

15 फेब्रुवारी 2013ला रशियात चेल्याबिन्स्कवर पडलेल्या पाषाणाचा माग असाच लागला, फक्त नोंदवह्यांच्या जागी गाड्यांतले आणि चौकांतले कॅमेरे होते. त्यांत दिव्याच्या खांबांच्या सावल्या सरकताना दिसल्या, सावलीच्या लांबीवरून उन्नतांश मिळाला, आणि त्यावरून पाषाण सेकंदाला सुमारे 19 किलोमीटर वेगाने आला, कुठल्या कक्षेतून आला, हे सगळं निघालं. तिथेच आवाजाच्या नोंदीचंही महत्त्व कळलं. झगमगाट पाहून लोक खिडक्यांशी धावले, आणि दीड-दोन मिनिटांनी धक्का पोहोचला तेव्हा काचा अंगावर आल्या. जखमी झाले सुमारे दीड हजार. उजेड आणि आवाज यांतलं अंतर सेकंदांत कळवलं, तर दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरता येतो. ‘अजिबात आवाज आला नाही’ हीदेखील नोंदच आहे, मात्र किती वेळ कान देऊन उभे होतात तेही लिहा.

बाकी राहिला मेंदूचा खोडसाळपणा. मिट्ट काळोखात एकाच ताऱ्याकडे टक लावली की तो डुलायला लागतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने 1799 साली याची नोंद केली आणि त्याला तारेच हलताहेत असं वाटलं होतं, नंतर कळलं की हलतात ते आपले डोळे. छपराच्या कडेशी ताडून पाहिलं की डुलणं थांबतं. 3 मार्च 1968च्या रात्री सोव्हिएत रशियाच्या झोंड-4 या अंतराळ मोहिमेतल्या रॉकेटचे तुकडे अमेरिकेच्या आकाशात जळत गेले, तर काही साक्षीदारांनी खिडक्या असलेलं लांबोडकं यान पाहिल्याचं कळवलं. सुटे दिवे एका रांगेत जाताना दिसले की मेंदू त्यांच्याभोवती काळा सांगाडा उभा करतो. हल्ली स्टारलिंक उपग्रहांची माळ पाहून जे फोन येतात त्यांतही ‘लांब आगगाडीसारखं’ यान असतंच. म्हणून दिसल्याबरोबर, कुणाशी बोलायच्या आधी लिहून काढावं. चौघांनी चर्चा करून दिलेली चार निवेदनं एकाच निवेदनाच्या किमतीची असतात.

जवान असोत की वैमानिक, यातून कुणी सुटत नाही. 2012च्या ऑगस्टपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत लडाखच्या सीमेवर आपल्या सैनिकांनी आकाशातल्या दिव्यांची शेकडो वेळा नोंद केली, शेजारी देशाचे टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: हे दिवे ताऱ्यांच्या संदर्भात हलतात, की ताऱ्यांबरोबरच तासाला 15 अंश सरकतात? दिवे निघाले गुरू आणि शुक्र. यात जवानांना हसण्यासारखं काही नाही, उलट त्यांनी महिनोन्‌महिने शिस्तीने वेळ आणि दिशा लिहून ठेवली म्हणूनच उकल झाली. टीव्हीवरच्या चर्चेत ‘परग्रहवासी आलेच आहेत’ म्हणणारे, किंवा त्या दिव्यात शुभ-अशुभ शोधणारे, यांच्यापेक्षा ती वही मला कितीतरी जास्त वैज्ञानिक वाटते.

फोटो काढताना जास्तीत जास्त झूम करायचा मोह आवरा. फोकस चुकला की कुठलाही ठिपका कॅमेऱ्यात गोल तबकडी होतो, आणि मग ‘आत रचना दिसतेय’ हे सुरू होतं. चौकटीत छप्पर, खांब, झाड काहीतरी येऊ द्या. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवली की आकुंचन पावते आणि फोटोची वेळ वगैरे तपशील गळून जातात.

फ्रान्सच्या अंतराळ संस्थेत 1977पासून अशा नोंदी तपासणारा एक विभाग आहे. तिथे प्रकरणांचे चार वर्ग करतात, त्यांतले शेवटचे दोन पाहण्यासारखे आहेत: ‘क’ म्हणजे माहिती अपुरी, आणि ‘ड’ म्हणजे माहिती पुरेशी असूनही उकल नाही. वर्तमानपत्रांत दोन्हींना एकच ‘गूढ’ म्हणतात. अशाच नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकने 1969 साली काम गुंडाळलं तेव्हा 12,618 नोंदींपैकी 701 अनोळखी राहिल्या होत्या. तो आकडा दुसऱ्या ग्रहावरून आलेल्यांच्या बाजूने पुरावा म्हणून सांगितला जातो. पण त्या 701 पैकी किती जणांनी कोन आणि वेळ मोजून लिहिली होती, हे आधी विचारायला हवं.

आणि ज्यांना काहीच दिसलं नाही त्यांनीही कळवावं. 80 किलोमीटर उंचीवरची झळाळती वस्तू चारशे किलोमीटरवरूनही क्षितिजाच्या मूठभर वर दिसायला हवी. त्या वेळी पन्नास किलोमीटरवर स्वच्छ आकाशाखाली कुणी त्याच दिशेला पाहत बसलं होतं आणि त्याला काही दिसलं नाही, तर वस्तू फार उंच नव्हती हे तिथेच ठरतं, आणि शोध जवळच्या विमानतळाकडे, नाहीतर लग्नात सोडलेल्या आकाशकंदिलांकडे वळवता येतो.