गुडघ्याच्या लवणीतील धमनीविस्फार : उपचार

गुडघ्यामागच्या लवणीतून जाणारी धमनी एका जागी फुगून मूळ जाडीच्या दीडपट वा अधिक रुंद झाली, की त्याला धमनीविस्फार (अॅन्युरिझम) म्हणतात. हातापायांच्या धमन्यांत हा फुगा सर्वांत जास्त इथेच आढळतो. रुग्ण बहुतेक साठीच्या आसपासचे वा पुढचे पुरुष, त्यांत विडी-सिगारेट ओढणारे पुष्कळ. सुमारे निम्म्या जणांचे दोन्ही गुडघे बाधित असतात. अनेकांची पोटातली महाधमनीही फुगलेली निघते. म्हणून एका पायात फुगा सापडला तरी दुसरा पाय आणि पोट यांचीही सोनोग्राफी करतात.

फुगा म्हटला की फुटण्याची भीती वाटते; हा मात्र क्वचितच फुटतो. आत साचलेल्या गुठळ्या सुटून पोटरीच्या बारीक धमन्यांत अडकतात, किंवा फुगाच गुठळीने बुजतो. पाय एकाएकी थंड, पांढुरका, बधिर होतो आणि साधारण ६ तासांत रक्त पुन्हा वाहते झाले नाही तर तो वाचवणे अवघड जाते. खानदेशात हे तास रस्त्यावरच सरतात : धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून नंदुरबार, तिथून धुळे, नाहीतर थेट नाशिक किंवा सुरत. त्याआधी ‘वात आला’ म्हणून शेकण्यात रात्र गेलेली असली, तर बधिर पाय भाजतो तो वेगळाच.

लंडनमध्ये १७८५ साली शल्यविशारद जॉन हंटर यांनी असाच फुगा झालेल्या एका घोडागाडीवाल्याच्या मांडीतली धमनी बांधली. आजूबाजूच्या लहान धमन्यांनी रक्त पुरवले आणि पाय कापावा लागला नाही. आज फुगा वर-खाली बांधून टाकतात व रुग्णाच्याच पायाची लांब शीर काढून बायपास (रक्ताला फुग्याला वळसा घालणारी नवी वाट) करतात. शिरेत रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असल्याने ती बहुधा उलटी करून जोडतात. फुगा २ सेंमीच्या पुढे गेला किंवा आत गुठळ्या दिसल्या, की सहसा हा सल्ला मिळतो.

दुसरा मार्ग जांघेतून आवरणाचा स्टेंट (धमनीच्या आत बसणारी जाळीची नळी) सरकवण्याचा. जखम लहान, घरी लवकर जाता येते. पण गुडघा दिवसभर दुमडतो, आणि तिथे स्टेंट मुडपण्याची, तुटण्याची, बुजण्याची शक्यता राहते. रावेर-यावलच्या केळीबागेत किंवा कपाशीच्या निंदणीत उकिडवे बसणाऱ्याला, शीर चांगली असेल आणि प्रकृती शस्त्रक्रिया सोसणारी असेल तर, बायपासच अधिक भरवशाचा. थकलेल्या, हृदयविकार असलेल्या वृद्धाचे गणित वेगळे. तिथे स्टेंट बरा. दोन्हींनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि ठरावीक काळाने डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) चालू ठेवावी लागते.