मुळे दुखावलेले मिरचीचे रोप

कुंडी किंवा पिशवी बदलताना मिरचीच्या कोवळ्या रोपाची मुळे तुटली, की ते काही दिवस मान टाकते आणि त्याची वाढ थांबते. यालाच पुनर्लागवडीचा धक्का म्हणतात. गोव्यात मिरची, म्हणजे कोकणीतली मिरसांग, अंगणात, गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांतसुद्धा लावली जाते, त्यामुळे हे दृश्य ओळखीचे आहे. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर येथे आली. काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये आणि पेडण्याच्या हरमल मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पाणी शोषून घेण्याचे मुख्य काम जाड मुळांचे नसते, ते टोकांजवळच्या अगदी बारीक केशमुळांचे असते. पिशवी फाडताना मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटली, की आधी तीच जातात. पाने मात्र होती तेवढीच राहतात आणि बाष्प सोडत राहतात. आवक घटली, खर्च तेवढाच. म्हणून रोप ओल्या मातीतही सुकलेले दिसते. पुष्कळ रोपे मग धक्क्याने नव्हे, लावणाऱ्याच्या मायेने मरतात. पाने लोंबलेली पाहून तांब्यावर तांब्या ओतला जातो, मातीतली हवा निघून जाते, उरलेली मुळे गुदमरतात आणि पिथियमसारख्या मूळकुज घडवणाऱ्या जीवांचे फावते. पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. ओल लागली तर तांब्या खाली ठेवावा.

खरा उपचार पानांचा खर्च कमी करण्याचा. रोप चार-पाच दिवस पडवीत किंवा मागीलदारी उजेडाच्या सावलीत ठेवावे. किनाऱ्यालगतच्या घरांत दुपारचा खारा वारा लागणार नाही असा कोपरा निवडावा. पावसाळ्यात पागोळ्यांखाली तर मुळीच नको. कळ्या, फुले, इवलीशी मिरची असेल तर खुडावी. हिरवी पाने मात्र ठेवावीत, कारण नव्या मुळांचे अन्न तीच तयार करतात. नवे पान फुटेपर्यंत रासायनिक खत देऊ नये, कारण त्यातले क्षार दुखावलेल्या मुळांना पाणी घेणे आणखी अवघड करतात. टोमॅटोसारखे खोड खोल गाडण्याचा सल्लाही येथे फारसा उपयोगी नाही. मिरचीच्या खोडाला तशी भराभर मुळे फुटत नाहीत.

कुंडी आधीच्यापेक्षा थोडीच मोठी घ्यावी. अवाढव्य कुंडीतली माती ओलीच राहते. जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते आणि नुसती भरली तर दगडासारखी बसते. तिच्यात कुजलेले शेणखत आणि काथ्याचा भुसा मिसळावा. भुसा आधी दोन-तीन पाण्यांतून धुवावा, त्यात मीठ असू शकते.

दुपारी लोंबलेले रोप सकाळी ताठ दिसत असेल तर ते सावरते आहे. याला साधारण एक-दोन आठवडे लागतात. त्यानंतर सकाळचे ऊन थोडे थोडे वाढवावे. सकाळीही मान खालीच आणि माती ओली, असे असेल तर रोप हलकेच बाहेर काढून पाहावे. मुळे पांढरी, टणक असतील तर तसेच परत ठेवावे. तपकिरी असतील, चिमटीत धरताच साल निसटून आत दोरा उरत असेल, तर कुजलेला भाग कापून लहान कुंडीत ताज्या मातीत लावावे. खोड मातीलगत काळे पडून बारीक झाले असेल, तर नवे बी पेरलेले बरे.